उताराचा हिशेब

राजापूर तालुक्यातील सडे वैशाखाच्या दुपारी पाहिले, तर त्या तापलेल्या काळ्या-तांबड्या कातळाच्या पोटात पाणी असेल यावर परक्या माणसाचा विश्वास बसणे कठीण आहे; आणि तरीही त्या सड्यांच्या कडेने वसलेल्या वाड्या पिढ्यान् पिढ्या ह्याच कातळाच्या पाण्यावर जगत आल्या आहेत. जांभा हा सच्छिद्र दगड. आषाढ-श्रावणात जे पाणी सड्यावर कोसळते, त्यातील पुष्कळसे पऱ्ह्यांवाटे खाडीकडे धावत जाते. परंतु जे भेगांतून आणि छिद्रांतून आत उतरते, ते जांभ्याच्या तळाशी असलेल्या चिकणमातीच्या थरावर अडते, त्या थराच्या कलाने सावकाश सरकत राहते, आणि जिथे डोंगराचा उतार त्या थराला छेदतो तिथे, वर दगड आणि खाली माती अशा सांध्यातून, झरा होऊन बाहेर पडते.

माझ्या एका स्नेह्यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर वडिलोपार्जित जमिनीत, अशाच एका सांध्याच्या खालच्या अंगाला, दोन माणसांपुरते घर बांधले. विजेचा शेवटचा खांब पलीकडच्या वाडीत राहिलेला, डांबरी रस्ता साकवापाशी थांबलेला, आणि ग्रामपंचायतीची नळयोजना इतक्या खालच्या पातळीवर, की तिचे पाणी इथवर चढवायचे म्हणजे ती योजनाच नव्याने आखण्यासारखे. दिव्यांचा प्रश्न छपरावरच्या सौर तावदानांनी सुटला. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. पाणी आणि इंधन यांची तजवीज मात्र मुळापासून करावी लागली, आणि ती होत असताना मी त्या घरी वरचेवर मुक्कामाला होतो, मिस्त्रींच्या हाताखाली जमेल ते कामही केले. शहरात आपण नळाची तोटी फिरवतो आणि शेगडीचे बटण दाबतो, तेव्हा कितीतरी अभियंते, खलाशी आणि कारकून यांनी आपल्यावतीने विचार करून ठेवलेला असतो. तो सारा विचार ज्या घरात घरमालकालाच करावा लागतो, तिथे एक गोष्ट पहिल्याच दिवसांत ध्यानी येते. पाणी आणि वायू या दोघांनाही उतार कळतो. पाण्याला तो कळतो म्हणून आपण जगतो. गॅसला तो कळतो, हे आपण विसरलो तर मरण ओढवते. त्या घराची सारी रचना या एका जाणिवेतून झाली.

झरा मोजण्यापासून कामाला आरंभ झाला. शेजारच्या वाडीतले एक वृद्ध गुराखी, ज्यांना सारे आजोबा म्हणत, आदल्या श्रावणातच सांगून गेले होते, “भाऊ, आता मोजून काय उपेग? पावसात हितं दगडालापन पाझर फुटतो. वैशाखात मोजा, मग काय ते ठरवा.” त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. झऱ्याची योग्यता त्याच्या भरभराटीवरून नव्हे, तर त्याच्या सर्वांत क्षीण अवस्थेवरून ठरते. आणि कोकणात ती अवस्था मृगाच्या आधीच्या पंधरवड्यात येते. त्या पंधरवड्यात झऱ्याच्या तोंडाशी केळीच्या सोपटाची पन्हळ लावून पंधरा लिटरची बादली धरली, तर ती भरायला तीन मिनिटे लागत होती. म्हणजे मिनिटाला पाच लिटर, आणि अहोरात्रीचे ७,२०० लिटर. केंद्र शासनाच्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे, शहरांसाठी १३५ लिटरचे प्रमाण मानतात. या हिशेबाने दोन माणसे, येणारे-जाणारे पाहुणे, दोन गाई आणि परसातली पोफळी-केळी यांना हे पाणी मुबलक होते. ज्या धारेखाली धरलेली ओंजळ भरायलाही क्षणभर थांबावे लागते, ती धार रात्रंदिवस न थांबल्याने एवढे मोठे दान देते, हे मला त्या आकड्यांतूनच प्रथम नीट उमगले.

परंतु मुबलक पाणी दिसले म्हणून ते सगळे आपले, असे ठरवण्याचा अधिकार कोणाला नव्हता. झऱ्याचे पाणी खाली एका दगडी डोणीत पडे, आणि त्या डोणीवर वाडीची गुरे पीत. जमीन सातबाऱ्यावर स्नेह्यांच्या नावे असली, तरी पाण्याची वहिवाट वाडीची होती. सातबारा कपाटात राहतो, वहिवाट मात्र दररोज संध्याकाळी गुरांच्या पायांनी येऊन हजर होते. तेव्हा असे ठरले, की घराकडे जाणारा नळ अर्ध्या इंची मुखाचा ठेवायचा, त्याच्या वर उरेल ते पाणी पूर्वीच्याच वाटेने डोणीत जाईल अशी सोय करायची, आणि घरची टाकी भरली की वरचा नळ आपोआप अडून सारेच पाणी पुन्हा डोणीकडे वळेल असा बंदोबस्त ठेवायचा. हा करार वाडीतल्या चार जाणत्यांसमोर कागदावर उतरवला गेला. डोंगरात घर बांधू इच्छिणाऱ्यांना मी अनेकदा यंत्रांच्या किमती विचारताना ऐकतो. त्यांनी हा कागद आधी करावा, असे माझे मत आहे.

झरा बांधणे हे गवंडीकाम असले, तरी त्यात गवंड्याच्या थापीपेक्षा त्याच्या संयमाची परीक्षा अधिक होते. बाहेर पडून उघड्यावर वाहू लागलेले पाणी गोळा करण्यात अर्थ नसतो, कारण त्या दोन-चार हातांच्या प्रवासातच पालापाचोळा, बेडूक आणि गुरांचे शेण त्याला गाठतात. म्हणून मिस्त्रींनी कुदळ बाजूला ठेवून हाताने आणि लोखंडी सळीने, माती थोडीथोडी उकरीत, पाण्याचा मूळ सांधा दिसेपर्यंत डोंगराच्या आत शिरकाव केला. घाईने खोल खणले तर खालचा मातीचा थर फुटतो आणि पाणी दुसरीकडेच कुठेतरी निघून जाते. असे बुजलेले झरे त्यांनी पाहिले होते. सांधा सापडल्यावर त्याच्यापुढे आधी गोट्यांचा, मग खडीचा, मग वाळूचा थर दिला, आणि त्यापुढे चिऱ्यांची तीन हात लांबरुंद पेटी बांधून तिला आतून सिमेंटचा गिलावा केला. पेटीला तीन मुखे होती. घराकडे जाणारे मुख तळापासून वीतभर उंचावर, म्हणजे खाली बसलेला गाळ त्यात शिरू नये. तळाशी गाळ काढून टाकण्याचे मुख, एरवी बूच मारलेले. आणि डोणीकडे जाणारे उताराचे मुख सर्वांत वर, परंतु झऱ्याच्या मूळ पातळीच्या खाली. या शेवटच्या अटीवर मिस्त्री फार काटेकोर होते. पेटीतले पाणी झऱ्याच्या तोंडापेक्षा वर चढले, तर ते झऱ्यालाच मागे रेटते, आणि मागे रेटलेले पाणी दुसरी वाट शोधते. पेटीवर काँक्रीटचे झाकण, मुखांवर बारीक जाळी, आणि वरच्या अंगाने अर्धचंद्राकृती चर खणून पावसाचे वरवरचे पाणी दूर वळवलेले, अशी ती बांधणी पुरी झाली. चराच्या वर काही अंतरापर्यंत गुरांना मज्जाव करणारा काटेरी गडगाही घातला गेला.

पेटीपासून घरापर्यंतची वाट उतरती होती, पण ती एकसारखी उतरती नव्हती, आणि पाणी वाहून नेण्याच्या कलेतील सारी अडचण याच भेदात साठलेली आहे. नळ मध्येच उंचवट्यावरून गेला, की पाण्याबरोबर आलेली हवा त्या उंचवट्याच्या माथ्याशी जमते, आणि धारेचा जोर कमी असला तर तेवढी हवाच पाण्याला रोखून धरते. नळ कुठे फुटलेला नसतो, पेटी भरलेली असते, तरी खालची तोटी कोरडी राहते. ही अडचण जुनी आहे आणि आपल्याकडच्या जुन्या माणसांनी ती ओळखलेली होती. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी शहराला, म्हणजे पुढच्या औरंगाबादेला, डोंगरातले पाणी ज्या नहर-ए-अंबरीतून आणले, तिच्या वाटेवर हवा सोडण्यासाठी आणि दाब आवरण्यासाठी चुनेगच्ची मनोरे उभारलेले होते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यात आणलेल्या नळालाही ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले आहेत. आमच्या मिस्त्रींनी ह्या दोन्ही गोष्टी पाहिल्या नव्हत्या, पण त्यांनी योजलेला उपाय त्याच जातीचा होता. त्यांनी प्रथम पारदर्शक नळीत पाणी भरून तिची पाणसळ केली, आणि दोघांनी तिची दोन टोके धरून, खुंट्या मारीत, साऱ्या वाटेची उंची मोजून काढली. डोळ्यांना सपाट दिसणारी जागा नळीतल्या पाण्याला चढाची दिसली, असे दोन ठिकाणी झाले. एका ठिकाणी वाट बदलली. दुसऱ्या ठिकाणी कातळ आडवा आल्याने बदलता येईना, तेव्हा तिथे नळाला उभी बारीक नळी जोडून तिचे तोंड पेटीच्या पातळीहूनही वर, एका आंब्याच्या खोडाला बांधून ठेवले. सखल जागी गाळ सोडण्याची तोटी बसवली.

नळ काळ्या पॉलिथिनचा घेतला, कारण सड्याखालचे पाणी मृदू आणि किंचित आम्ल असते आणि ते लोखंडाला खाते. तो हातभर खोल पुरला, उन्हापासून वाचावा म्हणून आणि त्याहून अधिक रानडुकरांपासून वाचावा म्हणून. सिमेंटच्या गोण्या खांद्यावरून आणण्याचा, चर खणण्याचा आणि बुजवण्याचा भाग कष्टाचा होता, पण त्यात सांगण्याजोगे थोडे आहे.

टाकी कुठे ठेवायची याचा निर्णय मात्र पुढच्या सगळ्याचा पाया ठरला. दहा मीटर उंचीवरचे पाणी खाली दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोचा दाब देते. नळ रुंद असो की अरुंद, टाकी लहान असो की मोठी, या दाबाला केवळ उंची कळते. दोन हजार लिटरची टाकी भरली म्हणजे दोन टनांचे ओझे होते, ते छपरावर घेण्याची गरज नव्हती. घरामागच्या उतारावर, ओसरीच्या जमिनीपासून नऊ मीटर वर, चिऱ्यांचा पक्का ओटा बांधून तिथे ती बसवली. पेटीतून येणारी बारीक धार रात्रभर तिच्यात साठते, आणि सकाळच्या दोन तासांत एकदम लागणारे पाणी ती देते.

पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते निर्दोष असते असे नाही, आणि झऱ्याच्या पाण्याविषयी आपल्या मनात जी पावित्र्याची भावना असते ती इथे आड येते. आरोग्यसेविकाताईंनी दिलेल्या चाचणीच्या बाटलीत पहिल्या पावसानंतरचे पाणी भरून ठेवले, तर दुसऱ्या दिवशी ते काळे पडले. म्हणजे विष्ठेतले जंतू त्यात होते. तेव्हापासून टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडते. चांगल्या पावडरीत चौथा हिस्सा तरी क्लोरीन असतो, त्यामुळे हजार लिटरला चार ग्रॅम टाकली की लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन मिळते; अर्धा तास थांबल्यावर, उरलेले क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी चाचणीत पाणी फिकट पिवळे झाले, की काम झाले. पावडर डबा उघडा राहिल्यास आपले सत्त्व गमावते, म्हणून ती थोडीथोडी आणावी, हे त्या ताईंनी स्नेह्यांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, दोनदा बजावले.

आता इंधन. गाई दोनच असल्याने गोबरगॅसचा विचार मागे पडला, कारण दोन घनमीटरच्या लहान संयंत्रालाही रोजचे सुमारे पन्नास किलो शेण लागते. चूल आहेच आणि ती राहणारही आहे. परंतु पावसाळ्यात ओल्या सरपणाच्या धुरात वहिनींनी सारा जन्म काढावा, ही गोष्ट स्नेह्यांना मान्य नव्हती, म्हणून गॅसची दुहेरी जोडणी घेतली. थंड मुलुखात एकाकी घरांतून शुद्ध प्रोपेन वापरतात, कारण ते उणे ४२ अंशांपर्यंत बाटल्यात उकळत राहते, तर ब्यूटेन शून्याच्या जवळच उकळायचे थांबते. आपल्या हवेत तो प्रश्न नसल्याने आपल्या बाटल्यात या दोहोंचे मिश्रण असते. बाटल्यात गॅस म्हणून जे असते ते वस्तुतः द्रव असते आणि वरच्या मोकळ्या जागेत त्याची वाफ. म्हणूनच बाटला नेहमी उभा ठेवायचा. आडवा केला, तर वाफेऐवजी द्रवच बाहेर येतो, आणि तो आपल्या आकारमानाच्या सुमारे अडीचशे पट पसरतो.

साकवापासून वर बाटला डोक्यावरून येतो. १४.२ किलो गॅस आणि जवळजवळ तेवढेच लोखंड, असे तीस किलोंचे ओझे चुंबळीवर घेऊन जो तरुण तो चढ चढतो, त्याच्यासमोरच बाटल्याचे वजन करून घ्यायचे, सील पाहायचे, झडपेतला रबरी वायसर जागेवर आहे की नाही ते पाहायचे, आणि गळ्याच्या पट्टीवर लिहिलेले अक्षर व साल वाचायचे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे डीपर्यंत. त्या तिमाहीपर्यंतच त्या बाटल्याच्या तपासणीची मुदत असते. शहरात सिलिंडर दारात येऊन पडतो आणि ही अक्षरे कोणी वाचीत नाही. आषाढात साकवावरून पाणी गेले की वाट बंद होते, म्हणून दुसरा बाटला मृगाच्या आधी भरलेला असलाच पाहिजे, हा त्या घरचा शिरस्ता आहे.

बाटल्यांच्या जागेवरून मात्र बराच खल झाला. नकाशात ती जागा घराच्या मागच्या भिंतीला, सावलीत दाखवली होती, आणि ती सोयीची होती. परंतु एजन्सीचे मेकॅनिक पाहणीला आले, त्यांनी जमिनीच्या कलाकडे पाहिले आणि मान हलवली. त्या भिंतीच्या उताराला, चार पायऱ्या खाली, सरपण ठेवायची खोली होती, आणि तिच्या शेजारून मोरीचे पाणी वाहून नेणारे गटार. गॅस हवेहून दीड ते दोन पट जड असतो. तो गळला तर छपराकडे जात नाही. जमिनीला धरून, उंबरा ओलांडून, पायऱ्या उतरून, न दिसणाऱ्या पाण्यासारखा सखल जागी साचतो, आणि हवेत त्याचे प्रमाण शंभरात दोन भाग झाले की एका ठिणगीने पेटतो. त्याला स्वतःचा वासही नसतो. आपल्याला येणारा उग्र दर्प मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो. मिस्त्रींची पाणसळ पुन्हा बाहेर आली. जिथून उतार मोकळ्या रानाकडे जातो, जिथे खाली खोली नाही, गटार नाही, खिडकी नाही, अशी घराची उत्तरेची बाजू निघाली. तिथे चिऱ्याचा ओटा, वर पत्रा, पुढे लोखंडी जाळी आणि जाळीच्या तळाशी मोकळी फट, अशी बाटल्यांची जागा झाली. स्वयंपाकघराच्या दारालाही खाली, जमिनीलगत, एक जाळी बसली.

जोडणी झाल्यावर मेकॅनिकांनी सांध्यांना साबणाचे पाणी लावले आणि बुडबुडा येतो का, हे एकेका सांध्यापाशी निरखून पाहिले. काडी ओढून गळती शोधणारी माणसे अजूनही आहेत, हे त्यांनी सांगितले तेव्हा वहिनी शहारल्या. मग त्यांनी पाणी भरलेली इंग्रजी यू अक्षरासारखी काचेची नळी जोडून रेग्युलेटरचा दाब मोजला, आणि मला त्या साऱ्या कामातला सर्वांत सुंदर क्षण तोच वाटला. बाटल्याच्या आत उन्हाळ्यात पाच-सहा किलोंचा, म्हणजे पन्नास-साठ मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब असतो. रेग्युलेटर त्याला आवरून केवळ तीस सेंटिमीटर पाण्याइतका करून शेगडीकडे धाडतो. टाकीचा दाब जसा पाण्याच्या उंचीने सांगायचा, तसाच गॅसचाही.

या दोन व्यवस्था एका जागी येऊन मिळतात, ती जागा म्हणजे पाणी तापवायचा गिझर. त्याला वीज लागत नाही. ठिणगीपुरते बॅटरीचे दोन सेल पुरतात. त्याच्या आत रबराचा एक पडदा असतो, वाहत्या पाण्याच्या दाबाने तो सरकतो आणि त्याच्या सरकण्याने गॅसची झडप उघडते. पाणी थांबले की पडदा मागे येतो आणि ज्योत विझते. टाकी नऊ मीटर उंचावर घेतली नसती, ती केवळ छपराच्या उंचीवर असती, तर तो पडदा आळसावला असता आणि पाणी तापलेच नसते. डोंगराच्या उंचीने ज्योत पेटते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

परंतु याच यंत्राने आपल्या शहरांतून अनेक घरे उजाड केली आहेत. एक किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे बारा घनमीटर हवा लागते, आणि असा गिझर तासाभरात साधारण एक किलो गॅस जाळतो. आपल्या न्हाणीघराची लांबी-रुंदी-उंची गुणली तर उत्तर पाच घनमीटरच्या आसपास येते. दार बंद, खिडकी थंडीमुळे बंद. हवा अपुरी पडू लागते, ज्योत अर्धवट जळते, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, ज्याला रंग नाही, वास नाही, आणि गॅसात मिसळलेला दर्पही जळून गेलेला असतो. आंघोळ करणाऱ्याला ग्लानी येते, त्याला वाटते गरम पाण्याचे सुख आहे. आजोबांच्या वाडीतला, मुंबईत नोकरीला गेलेला एक मुलगा असाच गेला. म्हणून त्या घराचा गिझर पाहायला आजोबा स्वतः आले, तो न्हाणीघराच्या बाहेर, ओसरीच्या उघड्या भिंतीवर आहे आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ जातो, हे त्यांनी हात लावून पाहिले, आणि मगच चहाला बसले.

ज्यांच्या घरी गॅसचा गिझर न्हाणीघराच्या आतल्या भिंतीवर आहे, त्यांनी हा अंक बाजूला ठेवून आजच मेकॅनिकला बोलवावे आणि तो उघड्या हवेत बाहेर काढून घ्यावा. त्यासाठी थोडा नळ वाढवावा लागतो, एवढेच.